नोंद आधी, धुलाई नंतर : आजीची वाकळ तपासून, नोंदवून आणि बांधून देणाऱ्या पुण्यातील एका सेवेविषयी

माझ्या आजीने शिवलेली वाकळ मी गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी पुण्यातील दोन बायकांच्या हाती सोपवली आणि अडीच महिन्यांनी परत आणली. हातशिलाईच्या जुन्या गोधड्या तपासणे, त्यांची लेखी आणि छायाचित्रांसह नोंद करणे, त्या टिकाव्यात म्हणून लागेल तेवढीच डागडुजी करून बांधून देणे आणि कोणी मागितल्यास मूल्यांकनाचा कागद देणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप आहे. दोघींपैकी एकीने वस्त्रसंवर्धनाचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि दुसरीचे आयुष्य शिवणकामात गेले आहे. महिन्याला चारच गोधड्या त्या घेतात. काम राहत्या घरीच चालते, त्यामुळे नाव आणि पत्ता छापू नये, अशी त्यांची विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते. म्हणून त्यांची काम करण्याची रीत मी येथे सविस्तर लिहिणार आहे. आपल्या गावात असे काम करणारे कोणी भेटले, तर त्यांना काय विचारावे आणि काय करू देऊ नये, हे वाचकांना त्यावरून ठरवता येईल.

या वाटेला मी का गेले, ते आधी सांगायला हवे. आईच्या माहेरची एक गोधडी आमच्याकडे होती. सहा-सात वर्षांपूर्वी तिला कुबट वास येऊ लागला, म्हणून मी ती कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या एका दुकानात दिली. दुकानदाराने काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही. परत आली तेव्हा काठाचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या तुकड्यांवर पसरला होता, एका बाजूचे कापड झिरझिरीत होऊन सुटले होते आणि त्या सगळ्यावर कडक इस्त्री फिरवलेली होती. डाग पडल्याचे दुःख झालेच, पण त्याहून मोठे नुकसान माझ्या नंतर लक्षात आले. देण्यापूर्वी मी तिचे एकही छायाचित्र काढले नव्हते, कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे आईला कधी विचारून लिहून ठेवले नव्हते, आणि तोपर्यंत आई गेली होती. आजीच्या वाकळीच्या बाबतीत हे पुन्हा होऊ द्यायचे नाही, एवढे मी मनाशी पक्के केले होते.

या दोघींचे पहिले वाक्य मला तिथेच आवडले. वाकळ धुऊन मिळेल का, असे मी फोनवर विचारले, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, “धुण्याचं नंतर बघू. ती ज्यांनी शिवली किंवा शिवताना पाहिली, असं घरात कोणी आहे का, ते आधी सांगा.” सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझी आत्या असते, तिचे वय ८४ आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी वाकळ घेण्याची तारीख पुढे ढकलली आणि आत्याला भेटण्याची तारीख आधी ठरवली.

वाकळ आणताना ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता स्वच्छ धुतलेल्या जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून आणावी, झटकू नये, उन्हात घालू नये आणि वास घालवण्यासाठी तिच्यावर काही फवारू नये, अशा सूचना त्यांनी दिल्या होत्या. मी कपाटात ठेवलेल्या डांबरगोळ्या मात्र त्यांना चांगल्याच खटकल्या. त्यामागचे कारण त्यांनी नीट समजावून सांगितले आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली नॅफ्थलीनची नोंद माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांत केली आहे. शिवाय काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची (एन्झाइमची) उणीव असते. गोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि गोधड्या अशा बाळांच्या अंगावर घातल्या, तर तांबड्या पेशी फुटून त्यांना गंभीर कावीळ होऊ शकते. आपल्याकडे गोधडी बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या दिवसापासून लागते, हे लक्षात घेतले की या माहितीचे गांभीर्य कळते.

आलेली प्रत्येक गोधडी त्या आधी पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवतात, म्हणजे तिच्यातील किडे आणि त्यांची अंडी मरतात आणि इतर गोधड्यांना लागण होत नाही. पिशवी बाहेर काढल्यावर वाकळ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडायची नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते, कारण थंड कापडावर लगेच दव धरते. आपल्याकडच्या सुती कापडाला मुख्यतः कसर लागते आणि तिला खळीची आवड असते, त्यामुळे खळ दिलेले लुगडे तसेच आत घातले असेल तर तो थर आधी खाल्ला जातो, हे मला प्रथमच कळले.

तपासणीच्या दिवशी मला समोर बसू दिले, ही या सेवेची मोठी जमेची बाजू आहे. मोठ्या टेबलावर पांढरी चादर अंथरून त्यांनी वाकळ उलगडली. दोघींच्या हातात अंगठ्या नव्हत्या, बांगड्या नव्हत्या, आणि टेबलावर शाईचे पेन नव्हते, फक्त पेन्सिली होत्या. लांबी २०० सेंटीमीटर, रुंदी १४० सेंटीमीटर, थर पाच. त्यानंतर पुढची आणि मागची बाजू सुतळीने आखून त्यांनी चौकटी पाडल्या आणि प्रत्येक चौकटीतील तुकडे क्रमांक देऊन कागदावर काढले. वरच्या बाजूला ४३ तुकडे निघाले. माझ्या मते त्या सगळ्यांचा मिळून एक रंगीबेरंगी पसारा होता. त्यांच्या डोळ्यांना मात्र त्यात एक इरकली लुगडे दिसले, जे सात ठिकाणी वेगवेगळे कापून लावले होते. एका तुकड्यावर गोमी काठ होता, दुसऱ्यावर लाल पदराची सुरुवात होती, आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडण्याची जी इरकलची खास पद्धत आहे, तो सांधा भिंगाखाली त्यांनी मला दाखवला. नखाएवढ्या जागेत धाग्यांची ती एकमेकांत गुंतलेली रांग पाहताना, लहानपणापासून अंगावर घेतलेली वस्तू आपण कधी नीट पाहिलीच नव्हती, याची जाणीव झाली.

तिचे वय त्यांनी कसे काढले, हे सांगण्याजोगे आहे, कारण गोधडी किती जुनी हे नुसत्या रंगरूपावरून सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. एके ठिकाणी वरचा काळा तुकडा विरून फाटला होता. सपाट हाडी पट्टीने त्यांनी त्याची कड अलगद उचलली, तेव्हा आतल्या जाड पांढऱ्या कापडावर फिकट निळा शिक्का दिसला. मिलचे नाव शिवणीत गेले होते, ‘मुंबई’ हा शब्द आणि त्याखाली ‘वार’ एवढेच वाचता येत होते. आमचे आजोबा लालबागला मिलमध्ये कामाला होते आणि तिथला डागी माल ते गावी आणत, हे मला ऐकून माहीत होते. संवर्धनाचे काम करणाऱ्या ताईंनी त्या शिक्क्यावरून अनुमान मांडले. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि त्यानंतर काही वर्षांत कापडावर वार जाऊन मीटर आले, त्यामुळे वारांचा शिक्का असलेले कापड त्या बदलाच्या आधीचे किंवा फार तर त्या सुमाराचे असणार. दुसरा पुरावा उलट्या दिशेचा होता. मागच्या बाजूच्या तीन ठिगळांतून त्यांनी सुटलेला एकेक धागा घेतला आणि चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. दोन धागे कागदासारखे जळले आणि मऊ राख झाली. तिसरा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी तयार झाला. म्हणजे तिसरे ठिगळ टेरिलीनचे होते, आणि टेरिलीन आपल्याकडे साठच्या दशकात आले. मूळ वाकळ आणि नंतरची दुरुस्ती असे दोन काळ त्यांनी नोंदीत वेगळे लिहिले. ‘सुमारे शंभर वर्षे जुनी’ असे लिहून देण्याचा मोह त्यांना झाला नाही आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती, पण ही सचोटी मी मुद्दाम नमूद करते.

टाक्यांची तपासणी सर्वांत जास्त वेळ चालली. आमच्या वाकळीला चारही बाजूंनी आत आत जात मध्यापर्यंत पोचणारा धावदोरा आहे, दोन ओळींत साधारण एक सेंटीमीटर अंतर आहे आणि एका इंचात चार टाके बसतात. त्यांनी तेथेच हिशेब मांडला : एवढ्या क्षेत्रफळात शिवणीची एकूण लांबी सुमारे २८० मीटर होते, म्हणजे जवळजवळ ४४,००० टाके. ही संख्या मी आयुष्यात प्रथम ऐकली आणि काही वेळ गप्पच बसले. पुढे त्यांनी दाखवले की तीन बाजूंचे टाके सारखे नाहीत. एका बाजूचा हात आखूड आणि घट्ट टाक्याचा, दुसऱ्या बाजूचा किंचित तिरका, आणि एका कोपऱ्यात हातभर जागेत टाके लांबच लांब, वाकडे आणि सैल पडलेले. मधोमध, जिथे धावदोरा संपतो तिथे, बोटांना वाटाण्याएवढी एक गाठ लागत होती. त्यांनी ती उसवली नाही. नोंदपत्रावर ‘मध्यभागी गाठ, कारण विचारणे’ असे लिहून त्या थांबल्या.

आत्याकडे आम्ही तिघी गेलो. वाकळ तिच्या मांडीवर न ठेवता समोर सतरंजीवर चादर घालून पसरली, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि पहिला प्रश्न फार साधा विचारला, “काकू, हिला तुम्ही काय म्हणता?” आत्या म्हणाली, “गोधडी न्हवं, वाकळ ही. गोधडी पातळ असती.” नोंदपत्रावर वस्तूच्या नावाच्या रकान्यात त्यांनी तेव्हाच ‘गोधडी’ खोडून ‘वाकळ’ लिहिले. पुढचे दोन तास आत्या तुकड्यांवरून बोट फिरवत बोलत होती. हिरवा तुकडा तिच्या थोरल्या बहिणीच्या झबल्याचा होता, जी चार वर्षांची होऊन गेली आणि जिचे नाव आमच्या घरात मी त्या दिवसापर्यंत कधी ऐकले नव्हते. काळा तुकडा आजीच्या चंद्रकळेचा. लांब टाक्यांचा कोपरा आला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “ह्यो माजा. नऊ-धा वर्साची आसंन. आई म्हनली, लांब पडला तर पडू दे, हात बसंल.” बाकीच्या बाजू आजीच्या आणि तिच्या धाकट्या जावेच्या होत्या. मधल्या गाठीविषयी विचारल्यावर ती सहज बोलून गेली, “चार दाणं घातल्यात. वाकळंचं पोट रिकामं ठिवू न्हाई.”

एखाद्या नीटनेटक्या कारागिराने ही वाकळ ‘दुरुस्त’ केली असती, तर तो वाकडा कोपरा त्याने सर्वांत आधी उसवून सरळ शिवला असता. मधले दाणे काढण्यालाही शास्त्राचा आधार होता, कारण धान्य किड्यांना बोलावते. या दोघींनी दोन्ही जागा आहेत तशा ठेवल्या आणि दाण्यांची काळजी म्हणून वाकळ आणखी एकदा शीतपेटीतून काढली. हा निर्णय त्यांनी माझ्याशी आणि आत्याशी बोलून घेतला आणि कारणासह नोंदीत लिहिला. मला विचाराल तर या सेवेचे सगळे मोल या एका निर्णयात आहे, आणि तो त्यांना घेता आला याचे कारण आत्याची मुलाखत धुलाई-शिलाईच्या आधी झाली होती. १९८१ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात जुन्या गोधड्यांच्या नोंदीचा जो पहिला राज्यव्यापी प्रकल्प झाला, त्यातही ठिकठिकाणी दिवस ठरवून लोकांना आपापल्या घरच्या गोधड्या घेऊन बोलावले होते. त्यांची पाहणी आणि नोंद झाली की गोधड्या ज्याच्या त्याच्या घरी परत जात. पुढे इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे दिवस भरावेत, असे मला मनापासून वाटते, कारण ज्या बायकांना तुकड्यांची नावे सांगता येतात त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत.

प्रत्यक्ष संवर्धनाचे काम त्या मानाने थोडे होते, आणि ते थोडेच असावे, या त्यांच्या मताशी मी सहमत आहे. वाकळ त्यांनी धुतली नाही. ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा प्रत्येक रंगावर दाबून पाहिल्यावर दोन लाल आणि एक जांभळा रंग उतरत असल्याचे दिसले. शिवाय एका लुगड्याचा काठ कृत्रिम रेशमाचा निघाला, आणि कृत्रिम रेशीम भिजले की त्याची ताकद फार घटते, म्हणजे पाण्यात तो काठ स्वतःच्याच वजनाने तुटला असता. त्याऐवजी वाकळीवर नायलॉनची बारीक जाळी ताणून, अगदी कमी ओढीवर लावलेल्या व्हॅक्यूमने दोन्ही बाजूंची धूळ काढली. निघालेली धूळ त्यांनी मला पांढऱ्या कागदावर दाखवली, तिचा रंग चुलीच्या राखेसारखा होता. कुबट वास चार दिवस सावलीत, वाऱ्याच्या खोलीत आडवी पसरून ठेवल्यावर बराच गेला.

चंद्रकळेचे काळे तुकडे मात्र हातात धरवत नव्हते. असा काळा रंग पूर्वी बहुधा लोखंड आणि हिरड्यासारख्या तुरट द्रव्यातून काढत, आणि त्यातील लोखंड वर्षानुवर्षे सुताला आतून खात राहते. त्यामुळे जुन्या गोधडीत काळा आणि गडद तपकिरी भाग आधी विरतो, शेजारचा पांढरा मात्र धडधाकट असतो. यावर कायमचा उपाय नाही. त्यांनी त्या तुकड्यांवर काळ्या रंगाची अतिशय तलम जाळी घालून ती फक्त शेजारच्या मजबूत कापडाला बारीक टाक्यांनी अडकवली. चार हातांवरून पाहिले तर जाळी दिसत नाही, जवळून दिसते, आणि ती दिसावी अशीच आहे, म्हणजे उद्या कोणाला ती आजीची शिवण वाटणार नाही. त्यांचा दोराही वेगळ्या छटेचा आहे आणि तो एका फेऱ्यात काढता येतो.

बांधणीसाठी त्यांनी आम्लमुक्त पुठ्ठ्याची लांब पेटी दिली. घड्यांच्या आत आम्लमुक्त पातळ कागदाच्या गुंडाळ्या ठेवल्या, म्हणजे घडीला कड येऊन तिथे धागा तुटत नाही. वरून तीनदा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटाचे वेष्टण घातले. सागवानी कपाट चांगले, हा माझा समज होता. पण लाकडातूनही आम्ल बाहेर पडते आणि कापड वर्षांनुवर्षे थेट फळीला टेकले तर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. वर्तमानपत्राच्या कागदाचेही तसेच. वेखंडाची पुरचुंडी पेटीत ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त ती कापडाला टेकू नये, असे बजावले. दर सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालायची आणि त्याच वेळी कसर दिसते का ते पाहायचे, एवढे काम आता माझ्याकडे आहे. भिंतीवर टांगण्याविषयी माझ्या भाचीने विचारले होते. संग्रहालयात अशा कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत आणि आपल्या दिवाणखान्यात खिडकीजवळ त्याच्या कितीतरी पट असतो, हे कळल्यावर तिनेच तो विचार सोडला.

आता मूल्यांकन. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते आणि वाकळ काही वर्षे तिच्याकडे ठेवावी, असे आमचे बोलणे चालले होते, म्हणून विम्यासाठी मी हा कागद मागितला. त्यांनी सुरुवातीलाच तीन गोष्टी वेगळ्या केल्या : तशीच वस्तू आज नव्याने करायला येणारा खर्च, बाजारात मिळू शकणारी किंमत, आणि घराला वाटणारे मोल. तिसऱ्याला आकडा नसतो, हे आपल्यालाही माहीत असते. दुसऱ्याविषयी त्यांनी स्पष्ट सांगितले की आपल्याकडे जुन्या घरगुती गोधड्यांच्या खरेदी-विक्रीच्या विश्वासार्ह नोंदी त्यांच्या हाती नाहीत, तेव्हा बाजारभाव लिहून त्या कोणाची दिशाभूल करणार नाहीत. पहिल्याचा हिशेब उघड मांडला : टाक्यांना सुमारे ७० तास, थर लावणे आणि तुकडे जुळवणे यांना २० तास, तासाला १२० रुपये, म्हणजे १०,८०० रुपये, आणि त्या प्रतीच्या कापडाचे ३,२०० रुपये, एकूण १४,००० रुपये.

हिशेबाची पद्धत मला पटली, दर पटला नाही. पाच थरांतून इंचाला चार टाके सरळ रेषेत घालणे हे कसबी काम आहे आणि त्याला तासाला १२० रुपये लावले, तर बायकांच्या घरकामाला आजवर जी किंमत दिली गेली तीच आपण पुन्हा लिहितो. तो दर त्यांनी सध्या गोधडी शिवून घेताना प्रत्यक्षात दिल्या जाणाऱ्या मजुरीवरून घेतला आहे, हे खरे, पण मूल्यांकनाच्या कागदावर पुढच्या काळात लोक विसंबतात, म्हणून त्यांनी कसबी कारागिराचा दर धरावा, असे मी त्यांना सांगितले आहे आणि येथेही लिहिते.

परदेशी पाठवण्याविषयी त्यांनी दिलेली माहिती उपयोगी ठरली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आमची वाकळ पंचाहत्तरीच्या आसपासची असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. तरीही शंका घेतली गेल्यास पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणच देऊ शकते, आमचा कागद त्याची जागा घेणार नाही, असे त्यांनी लेखी नमूद केले.

तक्रारीही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. सहा आठवड्यांची मुदत दिली होती, प्रत्यक्षात दहा लागले, आणि उशिराची कल्पना मला दोनदा फोन केल्यावरच मिळाली. छायाचित्रे पहिल्या वेळी पिवळ्या दिव्यात काढली होती. रंगपट्टी शेजारी असूनही मागच्या बाजूचे रंग ओळखू येत नव्हते, ती पुन्हा काढून घ्यावी लागली. संमतिपत्रात, छायाचित्रे अध्यापनासाठी वापरण्याची मुभा देणारे एक वाक्य इतर मजकुरात मिसळून लिहिले होते. मी ते खोडले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले, परंतु ज्यांच्या घरातल्या गेलेल्या मुलीच्या झबल्याचा तुकडा त्या छायाचित्रात आहे, त्यांना हा प्रश्न वेगळ्या कागदावर, समजावून विचारला पाहिजे.

सर्वांत जास्त मला लागले ते आत्याच्या बोलण्याचे झालेले शुद्धीकरण. छापील अहवालात तिचे वाक्य ‘हाताला वळण लागेल’ असे आले होते. ‘हात बसंल’ यात जे आहे ते त्यात नाही, आणि जिने नावाच्या रकान्यात आत्याचा शब्द इतक्या तत्परतेने लिहिला, तिच्याच अहवालात हे व्हावे याचे मला वाईट वाटले. मूळ ध्वनिमुद्रण त्यांनी मला दिले होते, त्यामुळे काही हरवले नाही. माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या प्रतीत आत्याची सगळी वाक्ये तिच्या तोंडची जशीच्या तशी घातली गेली. देखभालीच्या सूचनांचे पत्रकही सुधारायला हवे. ‘हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवावी’ हे वाक्य पुण्यात कसेबसे चालेल, पण रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या वाचकाने जुलै महिन्यात नेमके काय करावे, हे त्यात कुठेच नाही.

खर्च असा आला : तपासणी आणि नोंद ३,५०० रुपये, जाळी घालण्याचे काम २,४०० रुपये, पेटी आणि बांधणी १,८०० रुपये, मूल्यांकन १,२०० रुपये, एकूण ८,९०० रुपये. साताऱ्याच्या प्रवासाचा खर्च मी वेगळा केला. ही रक्कम लहान नाही, आणि घरातल्या प्रत्येक गोधडीसाठी ती खर्च करावी, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे रोजच्या वापरात आणखी तीन गोधड्या आहेत. त्या या बायकांनी घेतल्याच नाहीत, कारण त्या मजबूत आहेत आणि वापरण्यासाठीच शिवलेल्या आहेत. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचे नाही, सावलीत आडवी वाळवायची, एवढे त्यांनी फोनवर विनाशुल्क सांगितले. ज्यांना ही सेवा परवडणार नाही त्यांनीही दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी केलेल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण, एवढे आजच करून ठेवावे. नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग आमच्याकडेही तोच निघाला.

वाकळ न्यू जर्सीला गेली नाही. बहिणीने ध्वनिमुद्रण ऐकले आणि आत्या आहे तोपर्यंत ती इथेच राहू दे, असे तीच म्हणाली. मागच्या बाजूला, फक्त अस्तराच्या थरातून, सुती फितीची एक पट्टी शिवलेली आहे. तिच्यावर नोंदीचा क्रमांक आणि त्याखाली शिवणाऱ्या तिघींची नावे आहेत, आत्याचे सर्वांत शेवटी. पेटी घेऊन मी तिला दाखवायला गेले, तेव्हा तिने ती पट्टी दोनदा वाचून घेतली, आणि मग माळ्यावर तिच्या सासूची एक वाकळ आहे, ती कधी नेणार, असे विचारले. पुढची तारीख मी घेतली आहे, या खेपेला पेन्सिल आणि वही मीच बरोबर नेणार आहे.